सहलीची गाडी

डोक्यावर मक्याचं पोतं असलं की दिवलीबाई बोलत नसे. बोलण्यात मानेचा जोर जातो, असं तिचं म्हणणं. तिचा नवरा सुकराम मागून कावड घेऊन उतरत होता. एका अंगाला उडीद, दुसऱ्या अंगाला चारोळी. कावडीचा बांबू खांद्यावरच्या गाठीवर बसला की चिरडल्यासारखं व्हायचं, मग तो चालता चालताच बांबू दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा.

कुंडापाणी गावाहून खाली नाक्यापर्यंत तीन कोस उतार. रस्ता रुंद होता, दोन गाड्या शेजारून जातील एवढा. आठ वर्षांपूर्वी जंगल खात्यानं लाकूड खाली आणण्यासाठी तो करवला, तेव्हा सुकराम आणि दिवलीबाई दोघंही कामावर होती. कुठल्या वळणावर सुरुंग फुटला, कुठली मोरी दोनदा वाहून गेली, हे त्यांना पाठ होतं. पहिली चार वर्षं या रस्त्यानं सुकरामची गाडीही जायची. स्वतः तासलेली सागाची गाडी. मग खात्यानं पाहिलं, की गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा पावसाळ्यानंतर रस्त्याला चाकोऱ्या पाडतात. चार वर्षांपूर्वी खाली नाका बसला. वाटेवर आडवा वासा आला. तेव्हापासून गाडी छपरात उभी होती आणि तिच्या साट्यावर, बसायच्या फळ्यांवर, कोंबड्या अंडी घालत होत्या.

त्या दिवशी नाक्यावर मोटर उभी होती.

काळी, मोठी, टप पाडलेली. आत प्रकाशा गावचे इंद्रसिंग बापू, त्यांच्या घरच्या बाया, पितळी डबे, सतरंजी, आणि मांडीवर कापडात गुंडाळलेली गाण्याची पेटी. बापूंची तापीकाठी जमीन होती आणि मोटर घेऊन वर्ष झालं होतं. मोटरच्या पुढं पहारेकरी लोटन उभा होता. खाकी पट्टा नीट करत तो बोलत होता.

"मोटर अठेच थांबाडा, बापू. वर जावाना हुकूम नही."

"आम्ही तळं दखाले जाई ऱ्हायनूत. लाकडं चोराले नही."

"मी काय करू? हुकूम शे."

ड्रायव्हर वाहिद खाली उतरला. शहाद्याचा, पस्तिशीचा, नखांत कायम काळं तेल. त्यानं पुढचं झाकण उघडलं तर वाफ भसकन वर आली. त्यानं सुकरामला पाहिलं.

"भाऊ, जरासं पानी भेटी का? इंजिन तपी गयं."

सुकरामनं कावड टेकवली आणि नाल्यावरून लोटनच्या घागरीत पाणी आणलं. तोवर लोटननं दिवलीबाईचं पोतं उतरवून त्यात कोपरापर्यंत हात घातला होता. मक्यात डिंक लपवलाय का ते पाहायचं होतं. बापूंच्या घरच्या बाया मोटरीतून पाहत होत्या. दिवलीबाईनं लुगड्याचा पदर तोंडावर ओढला आणि झाडाकडं तोंड करून उभी राहिली.

मोटर मागं वळली. बापू लोटनला म्हणाले, "सायेबले सांग, बापू अर्जी करी ऱ्हायना. सरकारनं जंगल म्हंजे काय एकल्या सायेबनं शे?"

धूळ खाली बसेपर्यंत सुकराम पोतं बांधत राहिला.

आठ दिवसांनी वाहिद पायी वर आला. घाट चढून आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला पेट्रोलचा आणि घामाचा मिळून असा वास येत होता, की सुकरामचा कुत्रा भुंकायचं सोडून मागं सरकला. दिवलीबाईनं त्याला पाणी दिलं. त्यानं खाटेवर बसायच्या आधी विचारलं, "बसू ना?" हे सुकरामला आवडलं.

ओसरीच्या कोपऱ्यात सुकरामची आई नानीबाई बसली होती. गुडघे धरलेले, पाय लांब केलेले. अंगणातून लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन यायला तिला सकाळ पुरायची.

वाहिदनं खिशातून कागद काढला. "बापूनी अर्जी शे. मोटर तळापावत जाऊ द्यावी म्हनीसन. कलेक्टरकडे गई, तठून जंगलना सायेबकडे उनी. आते तो सायेब चौकशीले येई. रस्तावरना गावले इचारी, तुम्हले मोटर चालस का नही. तुम्ही हा म्हना, इतलंच."

"आम्हले काय?" सुकराम म्हणाला. "मोटर येई, ढोरं बिचकतीन. धूळ उडी."

"धूळ उडी," वाहिदनं मान हलवली. "खोटं कसाले बोलू. पन बापू म्हनस, मोटर जर जिनिंगलगुन अन् घरलगुनच फिरानी व्हई, ते ती इकी टाकसू. मंग मी काय चालाडू, भाऊ? दुसरं काम माले येत नही."

सुकरामनं छपराकडं बोट केलं. "ती मन्ही गाडी. ती जाई का?"

वाहिदनं गाडीकडं पाहिलं. उठून तिच्याजवळ गेला. कोंबडी हुसकली, चाकावर हात फिरवला, आरे मोजल्यासारखं केलं. कारागीर दुसऱ्याचं काम पाहतो तसं पाहत राहिला. "तुम्ही बनाडी?"

"हा."

"ही बापूनी अर्जीमा नही शे," तो म्हणाला. "पन सायेब तुम्हले इचारी ना? तवय तुम्ही सांगा. मी आडवा येवाव नही."

हे सगळं बोलणं बाजारच्या बोलीत चाललं होतं, नानीबाईला निम्मंच कळत होतं. वाहिद गेल्यावर तिनं आपल्या पावरी बोलीत विचारलं, "काय म्हणत होता?"

"रस्ता उघडायचा म्हणत होता."

"गाडीला?"

"मोटरला."

नानीबाई थोडा वेळ गुडघे चोळत बसली. तिची मुलगी कमलीबाई खाली म्हसावदजवळ दिलेली. चार वर्षांत मायलेकींची भेट नव्हती. कमलीला तीन लहान पोरं आणि अंगावर दुखणं, तिला वर येणं होत नव्हतं. सुकराम म्हणाला होता, चौघं मिळून झोळीत घालून नेतो. नानीबाईनं ऐकलं नव्हतं. झोळी मेलेल्या माणसाची, नाहीतर मरायला टेकलेल्याची. "मी जिवंत आहे," ती म्हणाली होती.

आता ती एवढंच म्हणाली, "साहेब आला तर नीट बोल. तू पुढं काय बोलायचं ते आधी गिळून टाकतोस."

पावसानं घाट तीन ठिकाणी खचला होता. दसऱ्यानंतर खात्यानं दुरुस्तीला माणसं बोलावली. कुंडापाण्यातून प्रत्येक घरचे दोघे आले. पुरुष पहारीनं दगड काढत, बायका पाट्यांनी मुरूम ओतत, मग सगळे मिळून धुमस मारत. धुमस म्हणजे खाली जड लोखंड लावलेला दांडा. दुपारपर्यंत तळहात पेटायचे. दिवलीबाई पाटी डोक्यावर घेताना मानेची शीर चोळायची आणि कुणी पाहिलं नाही ना, म्हणून आजूबाजूला बघायची. तिथं मानेवर बोराएवढी गाठ आली होती.

पाचव्या दिवशी साहेब आला. घोड्यावरून, सोबत कारकून. खालून बापूही आले, मोटर नाक्यावर ठेवून तेवढं अंतर चालत. बरोबर वाहिद आणि दोन-चार माणसं. साहेब मध्यम वयाचा, मऱ्हाटी माणूस, उन्हानं ओठ फाटलेले. एका दगडावर बसला. बापूंना दुसरा दगड दाखवला. गावकरी मुरुमाच्या ढिगाजवळ उकिडवे बसले.

बापू शुद्ध मराठीत बोलू लागले. "साहेब, हे जंगल सरकारी, म्हणजे रयतेचं. आम्ही झाड तोडायला येत नाही की सावज मारायला येत नाही. वर तळं आहे. ते बघायचं, दोन घास खायचे, परतायचं. माझी आई म्हातारी आहे, तिला चालवत नाही. खात्याची मोटर वर जाते, पाहुण्या साहेबांची जाते. मग आमच्याच मोटरीला बंदी का?"

"आज तुमची एक मोटर," साहेब म्हणाला. "उद्या दहा येतील. माघात कुणाची विडी पडली आणि वणवा लागला, तर विझवायला कोण येणार? तुम्ही?"

साहेबानं ढिगाकडं पाहिलं. "गावाचं काय म्हणणं आहे? कोण बोलेल?"

सगळ्यांनी सुकरामकडं पाहिलं. तो उठला. हाताला मुरूम लागला होता, तो त्यानं लंगोटीच्या बाजूला पुसला.

"सायेब, वणवा लागना ते आम्हीच इझाडतंस," तो म्हणाला. "मोटर उनी तरी अन् नही उनी तरी."

कारकून हसला. साहेब हसला नाही. "म्हणजे मोटर येऊ द्यायची?"

"येऊ द्या. बापूनी मायले तळं दखानं शे, दखू द्या." सुकरामनं उताराकडं बोट केलं. "पन मंग मन्ही गाडीबी जाऊ द्या. मन्ही माय चार वरीस व्हयनात खाले उतरनी नही. तिना पाय चालतस नही."

आता बापूंच्या मागं उभी असलेली माणसंही हसली. सुकरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण तो खाली बसला नाही.

"तुझ्या गाडीला लोखंडी धाव आहे," साहेब शांतपणे म्हणाला. "मोटरीचं चाक रबराचं. रस्ता कापतं ते लोखंड."

"रस्ता कापाई गया ते बुजाडतस बी आम्हीच, सायेब."

साहेबानं त्याच्या हातांकडं पाहिलं, मग शेजारी पडलेल्या धुमसाकडं. "ते खरं," तो म्हणाला. आणि कारकुनाला काहीतरी लिहायला सांगितलं.

साहेब घोड्यावर चढल्यावर बापू सुकरामजवळ आले. रागावले नव्हते, पण आवाज आखडलेला होता. "तुले मोटरनं सांगाले बलायेल व्हतं. गाडीनं कसाले काढं?" सुकरामनं खाली पाहिलं आणि धुमस उचलला. वाहिद बापूंच्या मागून जाताना सुकरामच्या दंडाला नुसता हात लावून गेला.

हुकूम दिवाळीनंतर आला. लोटननं तो नाक्यावर अक्षरं लावून लावून वाचून दाखवला. सरकारी मराठी त्यालाही जड जात होती. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, शनिवारी आणि रविवारी, सहलीसाठी येणाऱ्या वाहनांस पासावर वर जाण्याची मुभा. बंदूक आणू नये. विस्तव तळ्याच्या काठीच करावा. मालवाहू बैलगाड्यांस पूर्वीप्रमाणे मनाई.

"मंजे?" सुकरामनं विचारलं.

"मोटरले हा. तुले नही."

परतीच्या चढावर दिवलीबाई मिठाचं गाठोडं घेऊन पुढं चालली होती. भार हलका होता म्हणून ती बोलली. "तू बोललास आणि काम त्यांचं झालं."

घरी नानीबाईनं विचारलं नाही. सुकरामच्या पावलांवरून तिला कळलं.

पहिल्या शनिवारी मोटर घाट चढून आली. कुंडापाण्याच्या बाया रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पाहत होत्या. धुळीचा लोट आला तसे त्यांनी डोळे मिटले. बापूंची म्हातारी आई मोटरीत मधोमध बसली होती, दोन्ही हातांनी पुढचा बाक धरून. तिचा चेहरा घाबरलेला होता आणि खूषही होता. वाहिद समोरच पाहत राहिला. सुकरामच्या घराशी आल्यावरही त्यानं मान वळवली नाही.

रविवारी बापू पुन्हा तळ्यावर आले आणि दुपारी मोटर एकटी खाली आली. बापूंचे मेव्हणे शहाद्याच्या सर्व्हिस मोटरीनं म्हसावदला उतरणार होते, त्यांना आणायला वाहिदला पाठवलं होतं. मोटर सुकरामच्या कुंपणाशी थांबली. वाहिद उतरला आणि सरळ ओसरीसमोर येऊन उभा राहिला.

"आजी, चाला," तो नानीबाईला म्हणाला. "लेकीकडे सोडस. सांजले परत आनस."

सुकराम धान्य वारवत होता. त्यानं सूप खाली ठेवलं. "बापूले इचारं का?"

"इचारं नही. सांगसू."

"अन् नाका?"

वाहिदनं पास काढून दाखवला, जणू सुकरामला वाचता येतं. "अठे लिखेल शे, मोटर एक, माणसं सहा. कोन माणसं, ते नही लिखेल."

सुकरामनं आईला ते समजावून सांगितलं. नानीबाईनं मोटरीकडं पाहिलं, मग आपल्या पायांकडं. "लुगडं बदलते," ती म्हणाली.

तिला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून चढवलं. गुडघा पायरीवर वाकेना, तेव्हा दिवलीबाईनं मागून तिचा पाय हातानं उचलून ठेवला. दिवलीबाईही बसली. बसताना तिनं बाक आधी पदरानं पुसला. मक्याची एक गोणी तिच्या पायाशी आली. सुकराम वाहिदशेजारी बसला. इंजिन घरघरलं तसं नानीबाईनं सुनेचा हात असा धरला, की नखं रुतली. पहिल्या उतारावर ती काहीतरी पुटपुटत होती. तिसऱ्या वळणावर हात सैल झाला. मोरीशी आल्यावर ती म्हणाली, "इथं पळस होता. कोणी तोडला?"

नाक्यावर लोटन पास घेऊन बराच वेळ पाहत राहिला. वासा खालीच होता. सुकराम समोरच्या काचेवरची धूळ पाहत होता.

"ह्या सहलीना माणसं शेत का?" लोटननं विचारलं.

"तीन शेत, अन् मी चौथा," वाहिद म्हणाला. "सहा लगुन मुभा शे."

लोटननं नानीबाईकडं पाहिलं. तिनं जाडसर धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि गळ्यात चांदीची जुनी हासळी घातली होती. ती त्याच्याकडं नजर न वळवता पाहत होती. लोटनची आई रनाळ्याला असायची, तोही तिच्याकडं होळीलाच जायचा. त्यानं पास परत दिला आणि वासा उचलला.

कमलीबाई मोटर दारात आलेली पाहून आधी पोरांना घेऊन कणगीमागं लपली. कुणी साहेब आला असं तिला वाटलं. मग तिनं आईचा खोकला ओळखला. बाहेर आली आणि दारातच बसली. नानीबाईला उतरवून तिच्याजवळ बसवलं. दोघी रडल्या नाहीत. नानीबाईनं मुलीचं मनगट हातात घेतलं, दोन बोटांत मावलं ते. "खात नाहीस," ती म्हणाली. कमलीबाई म्हणाली, "खाते." मग तिनं धाकटं पोर आईच्या मांडीवर ठेवलं. नानीबाईनं ते अजून पाहिलेलं नव्हतं.

वाहिदनं संध्याकाळी बापूंना खरं ते सांगितलं. बापू बराच वेळ गाण्याच्या पेटीचं झाकण पुसत राहिले. त्यांची आई सतरंजीवरून म्हणाली, "म्हातारी शे ना ती? मंग ऱ्हाऊ दे." बापू वाहिदला म्हणाले, "बाक झाडी ले." आणि तो विषय तिथंच राहिला.

पण सुकरामच्या डोक्यातून तो जाईना. एकदा मेहेरबानीनं झालं. पुढच्या वेळी मेव्हणे नसतील, मोटर रिकामी नसेल. त्या आठवड्यात तो पायी शहाद्याला गेला. वाहिदनं त्याला अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाकडं नेलं. कचेरीच्या भिंतीला टेकून, समोर पेटी मांडून बसलेला चष्मेवाला म्हातारा.

"काय लिहू?" म्हातारा म्हणाला.

"मन्ही गाडी नाकावरून जाऊ द्यावी."

"कशासाठी?"

"मायले लेकीकडे न्यावाले. बाजारले."

म्हाताऱ्यानं वाहिदनं आणलेली हुकुमाची नक्कल चष्म्याजवळ धरून वाचली. एकदा, पुन्हा एकदा. मग टाक दौतीत बुडवून थांबला. "बाजार लिहिलं तर माल येतो. मालाला मनाई आहे. लेकीकडं, असं काही कलम यात नाही. पण हे बघ. मुभा मोटरीला असं कुठं म्हटलंय? सहलीसाठी येणाऱ्या वाहनांस, असं म्हटलंय. गाडी वाहन आहे का नाही?"

सुकरामनं वाहिदकडं पाहिलं. वाहिदच्या मिशीखाली हसू आलं होतं.

"शे," सुकराम म्हणाला.

"तुझी आई सहलीला जाणार का?"

"ती आते कोठेबी गई तरी सहलच शे तिनी."

म्हाताऱ्यानं लिहिलं. सुकरामनं अंगठा उमटवला. शाई इतकी लागली होती, की घरी पोहोचेपर्यंत अंगठा निळाच होता.

साहेबाचं उत्तर यायला पौष उजाडला. त्यानं अर्जाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. एक बैलगाडी, शनिवारी व रविवारी, सहलीसाठी. माल नसावा. धावांवर जाड दोर गुंडाळलेला असावा. मोसम संपल्यावर रस्ता पाहून पुढचा विचार होईल.

दोर वळायला सुकरामला आणि दिवलीबाईला चार दिवस लागले. अंबाडी भिजवली, ठेचली, मांडीवर पीळ दिला. मांडीची कातडी सोलवटली, तिथं दिवलीबाईनं एरंडाचं तेल लावलं. दोर चाकांवर घट्ट आवळून बसवला, तेव्हा गाडी पुढं ढकलून पाहिली. खडखड नव्हती, नुसता घरंगळल्यासारखा आवाज. कोंबड्यांना दुसरी जागा करून दिली.

शनिवारी बैल जुंपले. साट्यावर गवत पसरून नानीबाईला बसवलं. तिच्या लुगड्याखाली गवत जरा उंचच होतं. त्यात उडदाची गोणी होती की नव्हती, ते दिवलीबाईलाच ठाऊक. दिवलीबाई गाडीमागून रिकाम्या डोक्यानं चालत होती. हात कुठं ठेवावेत ते तिला सुधरत नव्हतं. मध्येच तिनं एक गाणं धरलं, दोन ओळी म्हटल्या, मग सुकरामनं मागं पाहिलं तशी गप्प झाली.

लोटननं पास वाचला. चाकांजवळ वाकून दोर चाचपून पाहिला. मग उठून गवताकडं पाहिलं, मग नानीबाईकडं.

"कोठे जाई ऱ्हायनी, आजी?"

बाजारची बोली नानीबाईला फारशी येत नव्हती. पण एवढा शब्द तिनं सुनेकडून आठवडाभर घोकून घेतला होता.

"सहलीले," ती म्हणाली.

लोटननं वासा उचलला.